लिहिणं, बोलणं, एडिटिंग, कव्हर, अपलोड: सगळं एकटीनेच करायचं का?

कानगोष्ट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारते, इथे वेगवेगळ्या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून मुद्दाम इथेच.

मी नोकरी सांभाळून विज्ञानाच्या इतिहासावर एक पॉडकास्ट करते. विषय शोधणं, वाचन, स्क्रिप्ट, रेकॉर्डिंग, ऑडॅसिटीमध्ये कापाकापी, कॅनव्हात कव्हर, मग अपलोड, भागाचं वर्णन, सोशल मीडियासाठी छोटी क्लिप आणि ऐकणाऱ्यांच्या मेलना उत्तरं, हे सगळं माझ्याकडेच. यातलं एकही काम मी रीतसर शिकलेली नाही, हातात टूल्स आली म्हणून जमत गेलं. आणि मला हे मनापासून आवडतं हे आधीच सांगते, रडगाणं म्हणून धागा काढलेला नाही. पूर्वी यातल्या एकेका कामाला वेगळा माणूस आणि वर स्टुडिओ लागायचा, तेव्हा माझ्यासारखीला कुणी दारात पण उभं केलं नसतं.

अडचण अशी की या भूमिका एकमेकींच्या अंगावर यायला लागल्यात. स्क्रिप्ट लिहितानाच वाटतं की हे लांब वाक्य नंतर एडिट करायला जड जाणार, की लगेच ते तोडून टाकते, आणि खरं तर ते वाक्य लांबच हवं असतं. रेकॉर्डिंग चालू असताना एखादा शब्द खटकला की थांबून स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसते, परत माइकसमोर येईपर्यंत आवाज बदललेला असतो आणि तो जोड ऐकताना स्पष्ट कळतो. एडिट करता करता मधेच मागचा भाग किती जणांनी ऐकला ते आकडे बघते, ते पडलेले दिसले की हातातल्या भागावरचा जीवच उडतो.

तर प्रश्न दोन आहेत. कुठलं काम स्वतःकडे ठेवायचं आणि कुठलं दुसऱ्याला द्यायचं हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि जी कामं आपल्याकडेच राहणार आहेत ती एकमेकांत घुसू नयेत म्हणून काय करता? पगारी माणूस ठेवणं सध्या शक्य नाही.

---

छापखाना

तुमचा पहिला प्रश्न आमच्या धंद्याने फार आधी भोगलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८५ साली ॲपलचा लेझरराइटर प्रिंटर, त्यातली ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा) आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर हे पान मांडायचं सॉफ्टवेअर हे तिन्ही एकत्र जुळून आलं. डेस्कटॉप पब्लिशिंग म्हणतात ते तिथून सुरू झालं, आणि हे नाव रूढ केलं ते आल्डसच्याच पॉल ब्रेनर्डने. त्याच्या आधी एक पान छापायला सोडायचं म्हणजे मजकूर टाइपसेटिंगवाला काढणार, त्याची प्रूफं मुद्रितशोधक बघणार, मग ब्रोमाइडच्या (मजकूर उमटवलेल्या फोटोच्या कागदाच्या) पट्ट्या कापून दुसरा माणूस बोर्डावर चिकटवणार, मग कॅमेरावाला त्याची निगेटिव्ह काढणार, मग प्लेट. प्रूफ वाचायची पण पद्धत होती, एकाने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचं, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचे, आणि दुसऱ्याने छापील मजकुरावर पेन्सिल फिरवत जायचं.

पेजमेकरने हे सगळे हात एका खुर्चीत आणून बसवले. वेळ वाचला, खर्च उतरला, ज्यांना कधी स्वतःचं मासिक काढता आलं नसतं त्यांनी ते काढलं, हे फार चांगलं झालं आणि मी त्याच्या बाजूचाच माणूस आहे. पण जाताना एक गोष्ट गेली. पूर्वी पान जितक्या हातांतून जायचं तितक्यांदा ते कुणाच्या ना कुणाच्या नजरेखालून जायचं. पट्टी चिकटवणाऱ्याचं काम वाचायचं नव्हतं, तरी ओळ गाळलेली दिसली की तो ओरडून सांगायचा. हे तपासणं कुणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे माणसं कमी झाली तेव्हा ते पण गेलं हे कुणाला कळलंच नाही. सॉफ्टवेअरने जुळवणाऱ्याचं काम दिलं, चिकटवणाऱ्याचं दिलं, परकी नजर मात्र कुठल्याच मेनूत नव्हती आणि अजूनही नाही.

म्हणून मी विचारणाऱ्याला एवढंच सांगतो की करायची कामं खुशाल स्वतःकडे ठेवा, कितीही असू देत, तपासायचं काम बाहेर द्या. तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच वाचायला दिलं की डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. तुमच्या बाबतीत डोळ्याच्या जागी कान.

---

ध्वनिरेषा

छापखाना काकांना +१, अगदी कळीचं बोललात.

मी ऑडिओ एडिटिंगच करते, त्यामुळे आधी तुमच्या त्या जोडाबद्दल. रेकॉर्डिंग चालू असताना स्क्रिप्टला हात लावायचाच नाही. शब्द खटकला तर तिथल्या तिथे एक टाळी वाजवा, दोन सेकंद गप्प बसा आणि ते वाक्य पहिल्यापासून परत म्हणा, पाहिजे तर बदलून म्हणा. टाळीचा वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखात, सरळ उभा सुळका दिसतो, एडिटिंगला बसल्यावर फक्त सुळके शोधत जायचं. आवाज त्याच बैठकीतला, माइकपासूनचं अंतर तेच, श्वास तोच, म्हणून जोड कळत नाही. तासाभराने येऊन तेच वाक्य म्हटलं तर तुम्ही कितीही प्रयत्न केला तरी घसा वेगळा असतो. आणि सुरुवातीला अर्धा मिनिट काही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा, पंख्याची घरघर वगैरे जे काय असेल ते त्यात येतं. दोन वाक्यांमधली मोकळी जागा भरायला तोच तुकडा वापरायचा, कोरी शांतता टाकली की कानाला खड्डा लागतो.

म्हणजे बघा, यात लेखिकेचा निर्णय पुढे ढकलला जातो एवढंच होतं. निवेदिका बोलत राहते, ती फक्त खूण करून ठेवते.

आता कुठलं काम कुणाला. काही कामं अशी असतात की त्यात मत लागतच नाही, मोजमाप लागतं. आवाजाची पातळी घ्या. पॉडकास्टसाठी ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपासची आहे, युरोपातल्या टीव्ही-रेडिओच्या आर १२८ मानकात उणे २३ आहे. हे कानाने ठरवत बसू नका, ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, आकडा द्या आणि विसरा. हे काम टूललाच द्यायचं, माणसाला नाही. याउलट एखादं वाक्य ओघात निसटलं का, एखादं नाव ऐकून कळतंय का, इथे परका कानच पाहिजे.

लिब्रिव्हॉक्स माहिती असेल तुम्हाला, २००५ पासून चालू आहे, कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचून रेकॉर्ड करतात. तिथे कुणी पण यावं, घरच्या माइकवर वाचावं, स्वतःच एडिट करावं, ऑडिशन नाही काही नाही. पण वाचणारा आणि प्रूफ-लिसनर वेगळे ठेवतात. तो दुसरा माणूस तुमच्या उच्चारांवर किंवा वाचायच्या शैलीवर मत देत नाही, फक्त कुठल्या मिनिटाला वाक्य दोनदा आलंय, कुठे खाकरल्याचा आवाज राहिलाय एवढं लिहून कळवतो. आणि वाचणारेच दुसऱ्यांसाठी प्रूफ-लिसनर पण होतात. तुम्हाला पगारी माणूस नकोय, तुम्हाला असा एक अदलाबदलीचा सोबती पाहिजे.

---

खिडक्या

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण एक माणूस आणि अनेक भूमिका हा कॉम्प्युटरवाल्यांचा अगदी जुना विषय आहे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सगळे अधिकार असलेलं एक रूट खातं असतं. सिस्टिम सांभाळणारा माणूस एकटाच असला तरी त्याने दिवसभर रूट बनून बसायचं नाही असा दंडक. साध्या खात्यात काम करायचं आणि गरज पडेल त्या एका आज्ञेपुरतं सुडो वापरून वरचा अधिकार घ्यायचा. सुडो १९८० च्या सुमाराचं आहे आणि आजही लाखो मशीन्सवर रोज चालतं. माणूस तोच असला तरी "आत्ता मी कुठल्या भूमिकेत आहे" हे मशीनला स्पष्ट सांगावं लागतं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

गिट पण बघा, प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी केलं. त्यात प्रत्येक बदलासोबत दोन नावं साठवली जातात, एक लिहिणाऱ्याचं आणि एक तो बदल आत घेणाऱ्याचं. कारण लिनक्समध्ये बदल मेलवरून यायचे, लिहिणारा एक आणि तपासून आत घेणारा दुसरा. तुम्ही एकटेच काम करत असलात तरी गिट दोन्ही रकाने भरतं, दोन्हीकडे तुमचंच नाव येतं पण रकाने दोनच राहतात. आणि गिटहबवर, म्हणजे गिटचं काम ठेवायच्या वेबसाइटवर, स्वतः पाठवलेल्या पुल रिक्वेस्टला (बदल आत घ्यायच्या विनंतीला) स्वतः मंजुरी देता येत नाही, ते बटणच मिळत नाही. छापखाना म्हणतायत तेच, इथे ते सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाकलंय.

तुमच्यासाठी म्हणाल तर लॅपटॉपवर ब्राउझरची दोन प्रोफाइल करा. एकात फक्त वाचन आणि लेखन, दुसऱ्यात होस्टिंगचा डॅशबोर्ड, सोशल मीडिया, मेल. पहिल्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डला लॉगिनच करायचं नाही. आकडे बघायचे तर दुसरं प्रोफाइल उघडावं लागेल, पासवर्ड टाकावा लागेल, आणि तेवढ्या वेळात माणूस भानावर येतो. फोनवर पण फोकस मोड असतो, रेकॉर्डिंगचा एक आणि प्रसिद्धीचा एक असे वेगळे लावता येतात. जमत असेल तर लॅपटॉपवर युजर अकाउंटच वेगळं करा, वॉलपेपर वेगळा ठेवा, हे ऐकायला क्षुल्लक वाटेल पण स्क्रीन बदलली की डोकं पण बदलतं हा माझा अनुभव आहे.

अजून एक. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे घसरतं. नंतर २०१८ मध्ये तिने आणि थेरेसा ग्लॉम्बने त्याच्यावर उपाय पण तपासला, तो इतका साधा आहे की लोक करत नाहीत: काम सोडताना आपण कुठे होतो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे दोन ओळीत लिहून ठेवायचं. मन मागे रेंगाळणं त्याने कमी होतं. मी प्रत्येक फाइलच्या वरच लिहितो, "पुढे: तिसरा परिच्छेद तोडायचा, तारीख तपासायची". एडिटिंगमधून उठताना तुम्ही पण लिहा.

---

उंबरठा

मला थोडं वेगळं बोलायचंय, धागाकर्तीवर रोख नाही.

तुम्ही हौसेने इतक्या भूमिका घेताय, कधीही एखादी सोडू शकता. पण पगारी नोकरीत हेच उलटं फिरतं. मी डिझायनर म्हणून लागलो. मग टीममध्ये सोपं व्हिडिओ टूल आलं, तर व्हिडिओ पण तूच कर. मग मजकूर सुचवणारं टूल आलं, तर मजकूर पण तूच बघ. मग पोस्ट वेळेवर टाकणारं टूल आलं, तर ते पण तुझ्याकडेच. प्रत्येक वेळी कारण एकच, "आता काय, टूल आहे ना". टूल असल्यामुळे काम करता येतं हे खरं, पण त्याला वेळ लागत नाही, जबाबदारी येत नाही असा अर्थ कुणी काढला? व्हिडिओत चूक राहिली तर विचारणा मलाच होते, आणि कामाच्या वर्णनात मी अजून फक्त डिझायनरच आहे.

हे आजचं नाही. १९७९ मध्ये विजिकॅल्क हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आलं, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टनचं, ॲपल २ वर चालायचं. कागदावर एक आकडा बदलला की अख्खा तक्ता खोडून परत मांडावा लागायचा, ते काम क्षणात व्हायला लागलं. म्हणून हिशेब करणारा लवकर घरी गेला का? त्याला सांगितलं की आता दर वेगळा धरून दाखव, विक्री कमी धरून दाखव, तिमाहीऐवजी महिन्याचं दाखव. काम सोपं झालं की अपेक्षा वाढते, आणि वाढलेली अपेक्षा कोण उचलणार हे कुणी बोलून ठरवत नाही.

म्हणून कुठली भूमिका घ्यायची याच्या आधी कुणी सांगितली म्हणून घेतोय हा प्रश्न पण विचारावा असं माझं ठाम मत आहे. नोकरीत असणाऱ्यांनी तरी नवीन टूल अंगावर आलं की त्यासोबत कुठलं जुनं काम जाणार हे लेखी विचारावं.

---

स्पर्शलिपी

उंबरठा यांचं म्हणणं पटतंय, तरी दुसरी बाजू लिहायलाच हवी.

मी पूर्ण दृष्टिहीन आहे. आवाज चांगला म्हणून मला कायम एकच भूमिका मिळाली, निवेदन. वाचून झालं की "छान झालं, आता बाकीचं आम्ही बघतो". एडिटिंग म्हणजे स्क्रीनवरचं काम, माउसने पकडून ओढायचं काम, ते मी करेन हे कुणाच्या मनातच यायचं नाही.

आता मी रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये एडिट करतो. त्याला ओसारा नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे, त्यामुळे स्क्रीन रीडर मला प्रत्येक ट्रॅक, कर्सरची जागा, निवडलेला तुकडा सगळं बोलून सांगतो. स्क्रीन रीडर एनव्हीडीए, तो पण फुकट आणि मुक्तस्रोत, २००६ मध्ये मायकल करन या दृष्टिहीन प्रोग्रामरने सुरू केलेला, आणि त्यात त्याच्या जोडीला आलेल्या जेम्स टे यानेच ओसारा लिहिलंय, तोही दृष्टिहीन. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांनीच टूल बनवणाऱ्याची भूमिका पण घेतली, मला याचा फार अभिमान वाटतो. श्वास कापायचा असेल तर मी बाणाच्या कीने पुढे सरकतो, श्वास सुरू होतो तिथे एक की, संपतो तिथे दुसरी, मग डिलीट, मग दोन सेकंद मागे जाऊन ऐकायचं. वेव्हफॉर्म बघणाऱ्याला जे दिसतं ते मला ऐकू येतं, आणि कानाने एडिट केलेलं कानाला बरोबर लागतं असं माझे सोबती सांगतात.

सांगायचा मुद्दा, "एवढी कामं एकट्याने कशाला" हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू नाही. ज्यांना वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसवून ठेवलं त्यांच्यासाठी दुसरं काम स्वतः करता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. तपासायला दुसरा कान हवाच, त्यात वाद नाही, मी पण घेतो. कव्हरचं चित्र मात्र मी बाहेर देतो आणि करणाऱ्याकडून चित्राचं वर्णन लिहून घेतो, ते वर्णनच पर्यायी मजकूर म्हणून चित्राला जोडतो. कानगोष्ट, तुम्ही तुमच्या कव्हरला जोडता का? नसेल तर कृपया सुरू करा, दोन ओळी पुरतात.

---

चित्रफीत

छोटा प्रतिसाद. लॅटव्हियाचा गिंट्स झिलबालोडिस बघा. २०१९ मधला त्याचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट त्याने अक्षरशः एकट्याने केला, कथा, दिग्दर्शन, ॲनिमेशन, संकलन, संगीतसुद्धा. पुढचा सिनेमा टीम घेऊन केला, ब्लेंडरमध्ये, म्हणजे पुन्हा कुणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. मला यातून असं वाटतं की सगळ्या भूमिका एकदा स्वतः करून बघाव्यात, म्हणजे पुढे दुसऱ्याला काम देताना नेमकं काय मागायचं ते कळतं. मी स्वतः कलर ग्रेडिंग शिकल्यावरच कॅमेरावाल्याशी नीट बोलायला लागलो.

---

कानगोष्ट (धागाकर्ती)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचून काढलं.

ब्राउझरची प्रोफाइलं कालच वेगळी केली. लिहायच्या प्रोफाइलमध्ये आकड्यांचं पान आता उघडतच नाही, आणि टाळीची युक्ती तर इतकी सोपी आहे की आधी कुणी का सांगितली नाही असं झालं. स्पर्शलिपी, कव्हरला पर्यायी मजकूर जोडत नव्हते, जुन्या भागांना पण जोडायला घेतलाय. वर्णन लिहायला लागल्यावर कळलं की दोन कव्हरांवर सांगण्यासारखं काही नव्हतंच, नुसती सजावट होती, ती बदलणार.

उंबरठा, तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारला. मेलना उत्तरं देणं आणि स्क्रिप्ट या दोन गोष्टी मी स्वतःहून घेतल्यात, त्या कुणी मागितल्या तरी सोडणार नाही. छोट्या क्लिपा मात्र "सगळे करतात" म्हणून करत होते, त्या बंद.

राहिला प्रूफ-लिसनर. ध्वनिरेषा, अदलाबदल करायला इथे कुणी तयार असेल का? आणि मी दुसऱ्याचं ऐकायला बसले तर नेमकं कसं लिहून द्यायचं? मला भीती ही आहे की मी लगेच त्यांचं लेखनच सुधारायला लागेन.

---

ध्वनिरेषा

ती भीती रास्त आहे, म्हणूनच तक्ता आधी ठरवून घ्यायचा. तीनच रकाने ठेवा: वेळ, काय ऐकू आलं, किती गंभीर. "१२:४०, 'म्हणून' दोनदा, दुरुस्त करायलाच हवं." "१८:०५, मागे दार वाजलं, चालेल." "२१:३०, शास्त्रज्ञाचं आडनाव कळलं नाही, परत ऐकावं लागलं." वाक्य असं असतं तर बरं झालं असतं वगैरे रकानाच नाही, त्यामुळे लिहिता येत नाही. एकदा न थांबता पूर्ण ऐका, तेव्हा फक्त वेळ टिपा, दुसऱ्यांदा त्या त्या जागी जाऊन बाकीचं भरा. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर तोंडातले बारीक चट् चट् आवाज लपतात. आणि लेखिकेने पाठवताना स्क्रिप्ट सोबत द्यायची नाही. स्क्रिप्ट समोर असली की ऐकणारा पण वाचायलाच लागतो, आणि तुमच्या श्रोत्यांकडे स्क्रिप्ट नसते.

---

छापखाना

मी तयार आहे ऐकायला. आवाजातलं मला कळत नाही, पण वाक्य कुठे निसटलं ते कळेल. बदल्यात माझ्या लेखांची प्रूफं मोठ्याने वाचून दाखवाल का, रेकॉर्ड करून पाठवलीत तरी चालेल, स्वल्पविरामासकट. पुढचा भाग तयार झाला की व्यक्तिगत निरोप करा.